बैलानं ओळखलं होतं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "सर, काहीतरी हसरं द्या. तुम्ही नववीला ती बैलाची गोष्ट सांगायचात ना, तसलं." संपादक माझेच विद्यार्थी. कोणत्या वर्षीचे ते मला आठवलं नाही आणि मी विचारलंही नाही. हो म्हणून मोकळा झालो. मग चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्या गोष्टीबद्दल खरं लिहायचं तर हसरं लिहिता येणार नाही. तरी तेच लिहितो आहे. त्यांनी छापलं नाही तरी माझा राग नाही.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बहुतेक कुरुंद्याच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कुलात गेली. गणिताच्या सरांना पोरं भितात, इंग्रजीच्या सरांना पोरांचे बापसुद्धा भितात, मराठीच्या सरांना कुणीच भीत नाही. मराठी काय, येतीच की, असं आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं. त्यातून माझा तास बहुधा शेवटचा. पत्र्याच्या खोलीत साठ पोरं घामाघूम होऊन बसलेली आणि सगळ्यांचे कान घंटेकडे. अशा वर्गाला धरून ठेवायचं तर मास्तरला थोडं नाटक्या व्हावं लागतं. मी झालो आणि चांगलाच झालो.

माझं हुकमी नाटक म्हणजे ती बैलाची गोष्ट. जुन्या काळातली, विनोदी म्हणून नावाजलेली. तिच्यात भिवाजी नावाचा एक शेतकरी आहे. त्याचा पाखऱ्या बैल म्हातारा झालेला, नांगराला नेटानं चालत नाही. भिवाजी त्याला बाजारात विकून टाकतो. घेणारा दलाल पाखऱ्याची शिंगं तासतो, रंगवतो, अंगावरचे केस काढतो, आठ दिवस पेंड घालतो. पुढच्या बाजारी भिवाजी नवा बैल घ्यायला येतो आणि हाच बैल पसंत करतो, तोही दुप्पट दामानं. वाटेत प्रत्येकाला थांबवून तो सांगतो की असा देखणा बैल आपल्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. घरी आल्याबरोबर बैल कासरा ओढून सरळ गोठ्यात जातो, कोपऱ्यातल्या आपल्या गव्हाणीत तोंड घालतो. बायको कपाळावर हात मारते. आणि भिवाजी म्हणतो, "बघ, जनावर किती हुशार आहे. पहिल्याच दिवशी जागा ओळखली."

हे शेवटचं वाक्य मी छाती पुढं काढून, मिशीवरून हात फिरवत म्हणायचो. वर्ग बाकडी बडवायचा. शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर दारात येऊन उभे राहायचे. हसू ओसरलं की मी फळ्याकडे वळायचो, कारण परीक्षेत हसण्याला गुण नसतात, हसू का आलं ते लिहिण्याला असतात. फळ्यावर दोन गोल काढायचो. मोठ्यात लिहायचो, 'वाचकाला माहीत'. लहानात लिहायचो, 'भिवाजीला माहीत'. या दोन गोलांत जेवढं अंतर, तेवढा उपरोध, असं सांगायचो. आपल्याला दिसतं ते त्याला दिसत नाही, म्हणून आपण हसतो. पोरं गोल उतरवून घ्यायची. मला माझ्या त्या दोन गोलांचा फार अभिमान होता. वसमतला शिक्षकांच्या शिबिरात मी ते काढून दाखवले होते.

एकदा एका पोराचे वडील शाळेत आले. जनावरांच्या बाजारात सौदे जमवणारे गृहस्थ, खांद्यावर उपरणं. पोरानं घरी गोष्ट सांगितली होती आणि यांना रात्रभर झोप आली नव्हती. ते म्हणाले की सर, हे पोरांना खोटं शिकवून राहिले तुमी. बैलाचं वय शिंगावर कोण बघतं, दातावर बघतेत. आणि ते कसं बघायचं हे दाखवण्यासाठी त्यांनी माझ्या हनुवटीला हात घातला. मी मागे सरकलो म्हणून वाचलो. मी त्यांना समजावलं की ही गोष्ट आहे, भिवाजी गावंढळ दाखवलाय. त्यांना ते पटलं नाही. जाताना म्हणाले, "वळखू येत न्हाई असं नसतंय सर. बघितलंच नसंल त्यानं." हे मी कितीतरी दिवस शिक्षकांच्या खोलीत नकलेसह सांगत होतो.

आता माझ्या दोन सवयी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पहिली, मी हजेरी आकड्यानं घ्यायचो. साठ नावं वाचत बसलो तर तासातली सात मिनिटं जातात. एक, दोन, तीन केलं की दोन मिनिटांत काम होतं. मुख्याध्यापकांनी याबद्दल माझं कौतुक केलं होतं. दुसरी, मी पोरांना टोपणनावं ठेवायचो. कुणी तहसीलदार, कुणी फुलपाखरू, कुणी पोस्टमन. पोरांना आवडायचं. आपल्याला नाव पडलं म्हणजे सरांच्या नजरेत भरलो, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. त्यामुळे वर्षामागून वर्षं मी पोरांना आकड्यांनी आणि टोपणनावांनी ओळखत गेलो. खरी नावं कॅटलॉगात राहिली.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आगेमागे नववीला एक मुलगी आली. जमुना राठोड, हजेरी क्रमांक एकेचाळीस. तीन किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यावरची. दाखला खाली सांगलीकडच्या कुठल्या शाळेचा होता. तांड्यावरची पुष्कळ घरं दसऱ्यानंतर तिकडे ऊसतोडीला जात, तेव्हा त्यात नवल नव्हतं. उंच, हडकुळी, केस कापून बारीक केलेले, वर ओढणी घट्ट बांधलेली. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, नवीन का? ती काही बोलली नाही. मी पुन्हा विचारलं, कुठल्या शाळेतून आलीस? तिनं शाळेचं नाव सांगितलं. मी तिला मागच्या बाकावर बसायला सांगितलं.

तीन महिने ती तिथं बसली. कधी बोलली नाही. बैलाच्या गोष्टीला सगळा वर्ग बाकडी बडवत होता, तेव्हा ती खाली बघत होती. मला ते दिसलं. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या पोरांना मराठी विनोद उशिरा कळतो असं मी स्वतःला सांगून टाकलं.

सप्टेंबरात घटक चाचणी झाली. प्रश्न नेहमीचाच होता, 'भिवाजीच्या फजितीतील विनोद स्पष्ट करा', गुण पाच. पेपर तपासणं हे कसं काम असतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. गठ्ठा सोडला की पहिले दहा पेपर माणूस वाचतो, पुढचे नुसते बघतो. डोळे दोन गोल शोधत असतात. गोल दिसले की चार गुण, अक्षर बरं असेल तर साडेचार. एकेचाळीस नंबरच्या पेपरात मला तीन गोल दिसले. म्हणून थांबलो. तिसऱ्या गोलात लिहिलं होतं, 'बैलाला माहीत'. आणि तो गोल तिन्हींत मोठा होता.

खाली पाच ओळी होत्या. त्या मला आजही पाठ आहेत. "मला या गोष्टीत विनोद दिसला नाही. बैलाने भिवाजीला बाजारात लगेच ओळखले असेल. त्याला वाटले, मालक आपल्याला परत न्यायला आले. म्हणून तो गुपचूप मागे चालला. घरी आल्यावर त्याला समजले की मालकाने ओळखलेच नाही, नवीन म्हणून आणले आहे."

मी काय केलं ते आता सांगायलाच हवं. मी लाल पेननं 'विषयांतर' लिहिलं, अर्धा गुण दिला आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाटताना ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. नुसतं वाचलं नाही. बैलाचा आवाज काढून वाचलं. मान डोलावत, डोळे मिचकावत, "मालक, मला परत न्यायला आलात?" असं. वर्ग मूळ गोष्टीला हसला नव्हता इतका हसला. मी पेपर तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, चौघडी केली आणि दप्तरात ठेवला. रडली नाही. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस म्हटल्यावर उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला.

गैरहजर मुलांच्या घरी जाणं हे आमच्या कामातच येतं. दसरा जवळ आला की तांड्यावरची पटावरची पोरं गळायला लागतात, आणि पट राहिला नाही तर तुकडी जाते. म्हणून रविवारी सकाळी मी सायकल काढली. खरं सांगतो, माझ्या मनात त्या वाचनाचं काहीही नव्हतं. पट होता.

तांड्यावर निघायची तयारी चालली होती. गाड्यांच्या चाकांना वंगण, बैलांच्या शिंगांना रंग. जमुनाचं घर दाखवलं तिथं ओट्यावर तिचे आजोबा बसले होते. पांढरा फेटा, हातात कासरा वळत होते. मी ओळख सांगितली तर उठून उभे राहिले, खाट टाकली, पाणी दिलं. मी नेहमीचं भाषण सुरू केलं. मुलगी हुशार आहे, शाळा सोडवू नका, दहावीपर्यंत तरी शिकू द्या. हुशार आहे हे मी सगळ्यांच्या घरी म्हणायचो.

म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. बापाची तिला इथं ठेवायची तयारी नव्हती. एक स्थळही आलेलं होतं. लग्न करून दिलं की जोडप्याचा एक कोयता होतो, दोघं मिळून ऊस तोडायला जातात. पण पोरगी अडून बसली की मी गावच्या शाळेतच शिकणार, तिथले मराठीचे सर मला ओळखतात, ते बघतील माझ्याकडे. बाप म्हणाला, बरं, दसऱ्यापर्यंत बघू. सर बोलले, शाळा जमली, तर ऱ्हा आज्यापाशी. न्हाई तर चल आमच्यासंगं.

मला काही समजेना. मी म्हणालो, मला ओळखते म्हणजे? ती तर यंदा नवीनच आली.

म्हातारबांच्या हातातला कासरा थांबला. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमी वळखलं न्हाई का तिला? पाचवीला तुमच्यापाशीच व्हती की. सहावीत तिची माय पडून राहिली म्हणून लहान्या लेकराला सांभाळाया बापानं नेली. तिकडंच शिकली. औंदा ताप आला, केस कापावं लागलं. गेली तवापासून हेच म्हणून राहिली, सर म्हणलेत कुठं बी जा, परत ये, मी हायेच."

 हे वाक्य माझंच होतं. ऊसतोडीला निघालेल्या प्रत्येक पोराला मी ते म्हणायचो. त्यावर विसंबून कुणी तीन वर्षं काढेल, असं माझ्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. आणि मग ते तीन गोल माझ्या डोळ्यांपुढे आले. ती पहिल्या दिवशी दारात का उभी होती, मी नवीन का म्हणून विचारल्यावर गप्प का झाली, ते त्या क्षणी कळलं. तिनं पेपरात बैलाबद्दल लिहिलंच नव्हतं. तिनं मला पत्र लिहिलं होतं, आणि मी ते बैलाचा आवाज काढून साठ पोरांना वाचून दाखवलं होतं.

ती दाराआड उभी होती. सगळं ऐकत असणार. मी उठलो आणि म्हणालो, बाई, माझं चुकलं. उद्यापासून शाळेत ये. हे मी मनापासून म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच एका विद्यार्थ्याची माफी मागत होतो.

ती बाहेर आली. सरळ माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "सर, पाचवीत तुमी मला काय म्हणून हाक मारत व्हते?"

मी आठवायला लागलो. मैना? तिनं मान हलवली. चिमणी? नाही. फुलपाखरू? नाही. म्हातारबा सांगायला गेले, तर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. मी आणखी तीन-चार नावं घेतली.  भर सकाळी एका तांड्याच्या ओट्यावर मी नावं फेकत होतो, आणि तेराचौदा वर्षांची पोरगी प्रत्येक नावाला शांतपणे नाही म्हणत होती. शेवटी माझी नावं संपली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर." आणि आत गेली.

सोमवारी मी शाळेत जाऊन जुने कॅटलॉग काढले. पाचवी, तुकडी ब. राठोड जमुना. वर्षभराच्या हजेरीत एकही खाडा नव्हता. पुढच्या वर्षीच्या कॅटलॉगात दिवाळीपर्यंत हजेरी, मग रिकामे चौकोन, आणि शेवटी लाल शाईत 'सतत गैरहजर, नाव कमी'. अक्षर माझं. मी ते पान मुख्याध्यापकांना दाखवलं. ते म्हणाले, अहो, एवढी पोरं येतात जातात, कुणाकुणाला ध्यानात ठेवणार. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी पुन्हा दोनदा तांड्यावर गेलो. बापाला भेटलो, हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. बाप भला माणूस होता. तो म्हणाला की सर, मी न्हाई म्हणत नव्हतो, आता पोरगीच न्हाई म्हणून राहिली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या. गावाबाहेरच्या रस्त्यावर मी उभा होतो. ती गाडीत भांड्याकुंड्यांच्या मधे बसली होती. तिनं मला पाहिलं. ओळखलंही. मी हात वर केला. तिनं ओढणी सारखी केली आणि दुसरीकडे बघू लागली.

त्यानंतर मी हजेरी नावानं घ्यायला लागलो. सात मिनिटं जायची, जाऊ दिली. बैलाची गोष्ट पुढं अभ्यासक्रमातून गेली. त्याआधी दोन वर्षं मी ती शिकवली, पण नाटक न करता. पोरांना ती फारशी विनोदी वाटली नाही. फळ्यावर तीन गोल काढायचो. तिसरा गोल कुणाचा हे मी सांगायचो नाही, मुलांनाच विचारायचो. एकाही वर्षी कुणी बैल म्हणालं नाही.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी पेन्शनच्या कामाला वसमतला गेलो होतो. दुपारी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. समोरच्या फलाटावर एक बाई पाठमोरी उभी होती. उंच, हडकुळी, डोक्यावरून ओढणी, कडेवर लेकरू. तिची ती उभं राहायची तऱ्हा बघून मी उठून उभा राहिलो. या वेळी चूक नाही, असं मला आतून वाटलं. मी रस्ता ओलांडून जवळजवळ पळत गेलो आणि हाक मारली, "जमुना. राठोड जमुना."

बाई वळली. तिनं मला बघितलं आणि तिचा सगळा चेहरा उजळला. वाकून पाया पडली. मग म्हणाली, "मी जमुना न्हाई सर. मी बी पाचवीपासून तुमच्याच वर्गात व्हते. जमुनाच्या बाजूच्या बाकावर."

मी खजील झालो, पण लगेच विचारलं, जमुना कुठं असते? तिला ठाऊक होतं. म्हणाली, जमुनाचं लग्न त्याच वर्षी झालं. दोन हंगाम कोयता धरला. मग कारखान्यावर ऊसतोडीच्या लेकरांसाठी साखरशाळा निघाली, तिथं शिकवायला कुणी मिळेना, तर ही उभी राहिली. आता तिथंच शिकवून राहिली. मी विचारलं, बरी आहे ना? लेकरं किती? माझी कधी आठवण काढते का? तिनं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नाला तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "बैलाची गोष्ट सांगती ती लेकरांना. पण बैलाच्या तोंडून सांगती. लेकरं हसत न्हाईत. आयकतेत."

मी विचारलं, पाचवीत मी तिला काय म्हणायचो, तुला माहिती आहे का?

"घड्याळ," ती म्हणाली. "तांड्यावरून चालत येऊन बी ती शिपायाच्या आधी घंटेखाली उभी ऱ्हायची. तवा तुमी म्हणायचे, आलं का आपलं घड्याळ."

आणि मला सगळं दिसलं. घंटेखाली उभी असलेली, पायांवर धूळ असलेली, दोन वेण्यांची एवढीशी पोरगी. मला तिथं स्टँडवर रडू आलं. त्या बाईनं मला बाकड्यावर बसवलं, उसाचा रस आणून दिला, माझी गाडी लागल्यावर पिशवी हातात घेऊन खिडकीशी जागा धरून दिली. गाडी सुटेपर्यंत ती खाली उभी राहिली, लेकराचा हात धरून हलवत होती. माझ्याकडे बघत होती, काहीतरी ऐकायचं राहून गेल्यासारखी. मी जमुनासाठी निरोप सांगितला, तिनं मान डोलावली.

गाडी वसमतच्या बाहेर पडली. दोन्ही अंगांना हळदीची शेतं लागली. मी डोळे पुसून मनात घड्याळ, घड्याळ असं घोळवत होतो. कुरुंद्याचा फाटा आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या बाईचं नाव मी विचारलंच नव्हतं.